सावित्रीवरचा जुना दगडी पूल : पडण्याआधीचं कुणाला काय आठवतंय?

नातेखिंडकर

मंडळी, धागा जरा घरगुती आहे, सांभाळून घ्या.

मी मूळ महाडचा, आता पंचवीस वर्षं डोंबिवलीत. आईचं माहेर पोलादपूर. म्हणजे लहानपणी मामाकडे जायचं तर राजेवाडीजवळचा सावित्रीचा पूल ओलांडायचाच. गाडी पुलावर आली की आई पदराची गाठ सोडून नाणं काढायची, खिडकीतून नदीत टाकायची आणि हात जोडायची. आम्हा भावंडांत कोणाच्या हाताने नाणं टाकायचं यावरून मारामारी.

परवा आईला घेऊन लग्नाला पोलादपूरला गेलो. बरोबर माझा मुलगा, इयत्ता सहावी. पूल आल्यावर आईने हात जोडले तसं याने विचारलं, "आजी, इथे देऊळ कुठे आहे?" मी म्हटलं, देऊळ नाही रे, नदी आहे, आणि इथे आधी एक जुना दगडी पूल होता. त्याने तिथल्या तिथे मोबाइलवर शोधलं. जे आलं ते सगळं २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीचं. तुटलेली कमान, गढूळ लोंढा, बोटी, बातम्या. त्याचा निष्कर्ष : "म्हणजे तो पडलेला पूल."

तेव्हापासून डोक्यात राहिलंय. १९२८ साली बांधलेला पूल, ८८ वर्षं उभा होता. त्यातली एक रात्र सगळ्यांना माहीत आहे. बाकीच्या ८८ वर्षांचं काय? त्या पुलावरून गेलेल्यांनी आपापलं सांगा. फोटो असेल तर उत्तमच. अपघाताचे नकोत, ते पुष्कळ आहेत.

मी_एकटी

वाचतेय. चांगला धागा.

दादलीपार

नातेखिंडकर, तुम्ही बिरवाडीच्या बाजूचे की गावातले? असो.

मी अजून महाडातच आहे. पुलाचं सांगायचं तर अरुंद होता. ट्रक आणि एसटी समोरासमोर आल्या की एकाने अलीकडे थांबायचं. शेजारचा दुसरा पूल २००१ च्या सुमारास झाला, त्याआधी जाणारं-येणारं सगळं ह्या एकावरूनच. मुंबईहून येणारे चाकरमानी गणपतीला ह्याच टोकाला तासन् तास खोळंबलेले असायचे. कोणी भेळेची पुडी सोडायचं, कोणी भजन सुरू करायचं. पोरं उतरून कठड्यावर रेलून नदीत दगड मारायची. कंडक्टर ओरडायचा, "ए, खाली पडलास तर तिकिटाचे पैसे परत नाहीत."

कठडा दगडी, कमरेएवढा. वरचा थर हाताने घासून गुळगुळीत झालेला. उन्हाळ्यात दुपारी हात ठेवला तर चटका, आणि पावसात त्याच दगडांवर शेवाळ. एप्रिलमध्ये नदीत पाणी कमी असतं तेव्हा आम्ही खाली उतरून कमानीच्या सावलीत जेवायचो. भाकरी, सुका जवळा, कांदा. आत हाक मारली की आवाज गोल फिरून परत यायचा. खालून बघितलं की दगडांच्या सांध्यांतून उंबराची आणि पिंपळाची रोपं बाहेर आलेली दिसायची. वर्षातून एकदा कोणीतरी येऊन कोयत्याने ती छाटून जायचं. मूळ तिथेच. पुढच्या पावसात पुन्हा हिरवं.

तेव्हा ते छानच दिसायचं, खोटं कशाला बोलू.

कोकणपुत्र७७

ब्रिटिशांनी २०१६ च्या आधीच सरकारला पत्र पाठवलं होतं की तुमच्या पुलाचं आयुष्य संपलंय, वापरू नका. आपल्याकडे ते पत्र फायलीत धूळ खात पडलं. लंडनमध्ये बसलेल्या माणसाला काळजी आणि आपल्याला नाही. यालाच म्हणतात इंग्रजांचं काम.

जगबुडीकाठ

कोकणपुत्र, हे पत्र आमच्या खेडच्या जगबुडीच्या पुलालाही आलं होतं. चिपळूणच्या वाशिष्ठीच्या पुलालाही आलं होतं. पत्र बघितलं कोणी? "आमच्या ओळखीच्या एकाच्या साडूने." ठेवलंय कुठे? "वरती."

पोस्टमन दमला असेल बिचारा.

कमानदगड

पत्राचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो. तीस वर्षं पुलांच्या कामात गेली, आता निवृत्त. सावित्रीच्या पुलावर मी कधी काम केलेलं नाही, तेव्हा त्या पुलाबद्दल आतली बातमी माझ्याकडे नाही. दगडी कमानीबद्दल मात्र बोलू शकतो.

पुलावर औषधाच्या बाटलीसारखी 'अमुक सालापर्यंत वापरावे' अशी चिठ्ठी नसते. खंडाळ्याच्या घाटातला अमृतांजन पूल १८३० चा. एप्रिल २०२० मध्ये तो पाडायचा ठरला तेव्हा सुरुंग लावावे लागले. १९० वर्षांचा म्हातारा आपणहून पडायला तयार नव्हता. मग १९२८ चा पूल का पडावा? एक फरक बघा. अमृतांजन पुलाच्या खालून नदी वाहत नव्हती.

दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला दाबत असतो, मधला कळीचा दगड दोन्ही बाजूंना ढकलतो, आणि तो सगळा रेटा खाली खांबात उतरतो. वरून जेवढं वजन येईल तेवढे दगड एकमेकांना घट्ट धरतात. म्हणून बैलगाडीच्या काळात बांधलेली कमान पुढे भरलेल्या ट्रकलाही पुरून उरते. चुन्याचं म्हणाल तर गूळ, उडीद, अंडी वगैरे गोष्टी लोक फार रंगवून सांगतात. १९२८ पर्यंत आपल्याकडे सिमेंटही बनायला लागलं होतं, पोरबंदरला १९१४ पासून. मुद्दा असा की अशा कमानीची ताकद तिच्या आकारात असते, मसाला दुय्यम.

आता दुखणं. शेजारशेजारच्या दोन कमानी मधल्या खांबाला दोन बाजूंनी सारख्याच रेटत असतात, म्हणून तो सरळ उभा. दहीहंडीचा खालचा थर आठवा, सगळे खांद्याला खांदा लावून आत कललेले. त्यातल्या एकाचा पाय सटकला तर तो एकटा पडत नाही. कमानींच्या रांगेतही एक खांब हलला की शेजारची कमान रेटायला समोर कोणी नाही म्हणून जाते, मग तिच्या शेजारची. हे वर्षभर चालत नाही, मिनिटांचा खेळ असतो.

आणि खांब हलतो कसा? हरिहरेश्वरला ओल्या वाळूत उभे राहा. लाट मागे जाताना टाचेखालची वाळू ओढून नेते आणि तुम्ही आपोआप मागे कलता. पायाला जखम नाही, हाड मोडलेलं नाही, तरी तोल जातो. पुरात खांबाभोवती भोवरा फिरतो आणि पायाखालचं असंच खरवडून नेतो. ओहोटल्यावर खड्डा पुन्हा गाळाने भरतो, वरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी. त्यामुळे कठडा बघून, रस्ता बघून, काठावरून दुर्बीण लावून दगडी पुलाची तब्येत कळत नाही. पाण्यात उतरून पायाला हात लावावा लागतो. सावित्रीचा पूल पडला त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती आणि धोका नाही असं म्हटलं गेलं होतं, हे तेव्हा पेपरात आलंच होतं. पाहणी करणाऱ्याने काय काय बघितलं ते मला माहीत नाही. पण आमच्या खात्यातली 'पाहणी' म्हणजे बहुतेक वेळा गाडीतून उतरणं, कठड्याला टेकून फोटो काढणं आणि जवळच्या टपरीवर चहा, हे मी स्वतः केलेलं आहे. लपवत नाही.

दादलीपार, ती पिंपळाची रोपं दिसायला छान, पण मूळ सांध्यात पाचर मारल्यासारखं बसतं. छाटून उपयोग नसतो. मुळासकट काढून सांधा पुन्हा भरावा लागतो.

दादलीपार

काका, कोयता घेऊन येणाऱ्याला हे तेव्हा कोणी सांगायला हवं होतं.

जगबुडीकाठ

कमानदगड काका, दंडवत. टाचेखालची वाळू वाचून अंगावर काटा आला.

आमच्या जगबुडीच्या जुन्या पुलाचं दुखणं वेगळं. पूल शाबूत, पण अरुंद, आणि समोर वळण. १९ मार्च २०१३ ला पहाटे गोव्याहून मुंबईला निघालेली खासगी बस कठडा तोडून खाली गेली. ३७ माणसं. माझं घर तिथून पायी दहा मिनिटांवर. पहाटे उठून धावलो, तेव्हा नदीत गुडघ्याएवढं पाणी आणि त्यात चपला, उश्या, बिस्किटांचे पुडे. त्यानंतर पुढची पाच वर्षं नवा पूल होईपर्यंत मी स्कूटरने तो पूल ओलांडताना मधोमध चालवायचो, मागचा कितीही हॉर्न मारो.

म्हणजे पडलेला पूल असो की उभा, गावाच्या डोक्यात एकच तारीख राहते. नातेखिंडकर, तुमच्या मुलाचा दोष नाही.

चवदारतळं

जरा मागे जाऊ या का? पूल नव्हता तेव्हा माणसं महाडला कशी यायची?

पाण्याने. बाणकोटच्या खाडीतून वर दासगावपर्यंत बोटी यायच्या, भरतीला पडाव आणखी वर चढायचे. २० मार्च १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षी डिसेंबरात बाबासाहेब दुसऱ्यांदा महाडला आले ते मुंबईहून बोटीने, दासगावला उतरून. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. ह्या पुलाचं साल १९२८. म्हणजे ज्या महाडात ते आले ते समुद्राकडे तोंड करून बसलेलं गाव होतं, आणि पुढच्या दहा-वीस वर्षांत मोटार आल्यावर तेच गाव रस्त्याकडे वळून बसलं. दासगाव बंदर होतं हे आता तिथल्या पोरांनाही सांगावं लागतं.

माझे आजोबा म्हणायचे, आधी मुंबईचा माणूस बंदरात उतरायचा म्हणून बाजारपेठ बंदराच्या बाजूला. पुढे तो फाट्यावर उतरायला लागला आणि दुकानं हळूहळू तिकडे सरकली. पुलांनी कोकणातल्या गावांची तोंडं फिरवली. ह्यावर कोणीतरी नीट लिहायला हवं. मी आळशी आहे.

खारेपाटणकार

आमच्या खारेपाटणाक पण असोच. विजयदुर्गाच्या खाडीचा पाणी आमच्यापर्यंत येता, पूर्वी गलबतां लागायची. मगे इंग्रजांचो पूल झालो नि बंदर बसला. आजो सांगी, पूल झालो तेव्हा म्हातारी माणसां पयल्यांदा गाडीतून जाऊक तयार नाय, चालत जाऊन बघून इली. "दगडावर दगड ठेवलेलो, मधी कायच नाय, ह्या उभा कसा रवता?" कमानदगड काकांनी आता सांगल्यानी. माझो आजो असतो तर त्येका वाचून दाखवलंय असतंय.

कोकणपुत्र७७

पत्राचं मी मागे घेतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलं होतं. पण एवढं तरी मान्य करा की इंग्रजांचे पूल ८८ वर्षं टिकले आणि आपला चिपळूणचा बहादूरशेख नाक्याचा उड्डाणपूल ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधता बांधता कोसळला.

कमानदगड

हे मान्य. फक्त 'इंग्रजांचे पूल' म्हणताना दगड घडवणारे, पाण्यात उतरून पाया खोदणारे हात आपलेच होते हेही लक्षात असू द्या. साहेबाने नकाशा काढला.

आणि जे पडले त्यांचे फोटो कोणी ठेवत नाही, म्हणून जुनं सगळं मजबूतच वाटतं. वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचं जुलै २०२१ च्या पुरात काय झालं ते आठवतंय ना?

परशुरामघाट

लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं. नातेखिंडकरांनी त्या रात्रीचं नको म्हटलंय, पण मी थोडक्यात सांगतो, आणि फोटो नाहीत.

२ ऑगस्टला मी चिपळूणहून मुंबईला निघालो होतो, रात्रीच्या गाडीने. दिव्याची आवस होती, घरी दिवे पुजून, कणकेचे दिवे खाऊन निघालो. आईने डब्यात पण दिले होते. कशेडी घाटात पाऊस असा की वायपर चालू असून काच पांढरी. पोलादपूरला गाडी थांबली. ड्रायव्हर उतरला, परत आला आणि सीटवर बसून राहिला. बराच वेळ बोललाच नाही. मग कंडक्टर म्हणाला, "पूल गेला."

आम्हाला वाटलं पाणी पुलावरून चाललंय. सकाळपर्यंत कळलं. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली ह्या दोन गाड्या, शिवाय एक खासगी गाडी. ४० च्या आसपास माणसं. जयगडची गाडी आमच्या पुढेच होती, तिच्यात जागा मिळाली नाही म्हणून मी मागच्या गाडीत. पुलाजवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराने अंधारात ते बघितलं आणि येणाऱ्या गाड्या थांबवल्या, नाहीतर आकडा कुठे गेला असता. पुढे नौदलाचे पाणबुडे आले, क्रेनला मोठं लोहचुंबक बांधून नदीत सोडलं. गाड्यांचे सांगाडे मिळायला आठवडा उलटून गेला. माणसं तर खाली खाडीच्या मुखापाशी, पार आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत सापडली.

डब्यातले दिवे मी सकाळी पोलादपूरच्या स्टँडवर बाजूच्या लहान मुलांना दिले. एवढंच.

मी_एकटी

🙏

दादलीपार

परशुरामघाट दादा, लिहिलंत ते बरं केलंत.

आवस म्हणालात म्हणून आठवलं. आमच्याकडे म्हातारे म्हणतात, सावित्रीला दोन सासवा. वरून महाबळेश्वर, खालून बाणकोट. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथला पाऊस पोलादपुरात उतरायला वेळ लागत नाही. खाली आवस-पुनवेचं उधाण असलं की खाडी पाणी घेत नाही. दोघी एका वेळी रागावल्या की नदी जाणार कुठे, आमच्या घरात येते. २२ जुलै २०२१ ला माझ्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. त्यानंतर नदीतला गाळ काढायचं काम झालं, दासगावजवळ रेल्वेच्या भरावाने पाणी अडतं ही तक्रार तर गावाची जुनीच आहे.

संतप्त_कोकणी

हे सगळं ठीक आहे, पण वाळू कोणी उपसली? पुलाच्या बुडाखालून ट्रकच्या ट्रक गेले तेव्हा कोण झोपलं होतं? नावं घेऊन बोला की! आमच्या तालुक्यातल्या त्या

संपादक

पुढचा मजकूर काढला आहे. पुराव्याशिवाय कोणाची नावं नकोत. विषय पुलाचा आहे.

कमानदगड

संतप्त भाऊ, राग रास्त आहे. पुलाजवळची वाळू उपसली की नदीचा तळ खाली जातो आणि पाया तेवढा उघडा पडतो, हे कुठल्याही पुलाला लागू. सावित्रीच्या बाबतीत निवृत्त न्यायाधीशांचा आयोग नेमला होता. आपण इथे बसून निकाल देऊ नये.

नव्या पुलाबद्दल एक चांगलं सांगतो. १६५ दिवसांत उभा केला, ५ जून २०१७ ला वाहतूक सुरू, म्हणजे पुढच्या पावसाच्या आत. तीन पदरी. मनात आणलं तर होतं, एवढंच त्यातून दिसतं. त्याच महामार्गाची बाकीची रडकथा सगळ्यांना पाठ आहे, पुन्हा सांगत नाही.

चवदारतळं

१६५ दिवसांत पूल आणि पनवेलपासूनच्या चौपदरीकरणाला २०११ पासून मुहूर्त. कोकणी माणूस उगाच तिरकस बोलत नाही हो.

नातेखिंडकर

सगळ्यांचे आभार. आठवडाभर रोज रात्री आईला धागा वाचून दाखवतोय. परशुरामघाट दादांचं वाचल्यावर ती उठून आत गेली, दिवा लावून आली.

फोटो मिळाला नाही. मावशीकडे एक आहे, १९८० च्या आसपासचा, पण त्यात पूल नाही. पुलाच्या कठड्याला टेकून काका उभे आहेत, बेलबॉटम, काळा चष्मा, आणि मागे फक्त आभाळ. मुलाला दाखवला. तो म्हणाला, "पूल कुठाय?" मी म्हटलं, काकांच्या कोपराखाली बघ. वरचा दगड, दादलीपार म्हणतात तसा गुळगुळीत, आणि त्यावर काकांनी ठेवलेली काडेपेटी. त्याने तो भाग मोठा करून बराच वेळ बघितला.

आईला मी विचारलं, तुला काय आठवतं. ती म्हणाली, आवाज. पुलावर चढताना गाडी हळू व्हायची, पलीकडून कोणी येतंय का बघायला. मग कठड्यांच्या मध्ये इंजिनाचा आवाज बदलायचा, डोळे मिटले असले तरी कळायचं की सावित्री आली. तेवढ्यात गाठ सुटायची, नाणं हातात यायचं.

परवा लग्नाला जाताना शिवशाही मिळाली. काच उघडत नाही. गाडी हळूही झाली नाही. तिने बटव्यातून पाच रुपयांचं नाणं काढलं तोवर आम्ही पलीकडे पोचलो होतो. ते अजून बटव्यातच आहे, वेगळं ठेवलंय, भाजीवाल्याला देत नाही.

दादलीपार

नातेखिंडकर, पुढच्या वेळी महाड स्टँडवरून पोलादपूरची साधी लाल गाडी धरा. डाव्या-उजव्या कुठल्याही खिडकीत बसवा, काच सरकते. ड्रायव्हरला आधी सांगून ठेवा, आमच्याकडचे आहेत, गाडी हळू घेतात.